नकाशातली रेघ आणि बांधावरची आई

शुक्रवार, रात्र.

आज आईच्या माहेरच्या शेताची मोजणी झाली. इंदापूर तालुक्यातलं शेत. पाय ठणकतायत, पण झोपायच्या आधी लिहून ठेवते. सोमवारी ऑफिसात बसले की यातलं निम्मं निसटून जाईल.

गेले दोन महिने हे शेत मी फोनवरच बघत होते. सातबारा, आठ-अ, फेरफार असे जमिनीचे उतारे, गटाचा नकाशा, वरून काढलेला उपग्रहाचा फोटो. गटाचं क्षेत्र 2 हेक्टर 02 आर, म्हणजे जवळपास पाच एकर, त्यातलं निम्मं आईचं. मामा अजून 'अडीच एकर'च म्हणतो. इतक्या वेळा पाहिलं की शेत मला पाठ झालंय असंच वाटायला लागलं होतं.

सातबाऱ्यावर 'विहीर' अशी नोंद आहे. आज गेले तर तिथे बुजलेला खड्डा आणि वर घाणेरीची झुडपं. मामा म्हणाला, दुष्काळात आटली ती आटलीच, मग दरवर्षी थोडी थोडी ढासळत गेली. आणि ज्या कडुलिंबाखाली आजोबा दुपारची भाकरी खायचे, ज्याचा बुंधा माझ्या कवेत मावत नाही, त्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही.

भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, सकाळी नऊलाच आले. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, तेही बांधावर हजर. काठीच्या टोकावर बसवलेला रोव्हर आणि हातात टॅब. उपग्रहांकडून संकेत घेऊन तो रोव्हर जमिनीवरची जागा काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगतो. आजोबांच्या वेळी साखळी असायची, 33 फुटी, तिचे 16 आणे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तो एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. गुंठा हा शब्द मी रोज ऐकते. ते माप साखळीच्या एका लांबीतून आलंय, हे मला आज बांधावर उभी असताना उमगलं.

आधी वहिवाट मोजली, म्हणजे आज जो जिथपर्यंत कसतोय ते. मग त्यावर जुना नकाशा बसवला. पूर्वेच्या कोपऱ्यावर रोव्हरने दाखवलेली हद्दीच्या दगडाची जागा बघून आई म्हणाली, "दगड तिथं नव्हता हो, बाभळीच्या अलीकडं होता." ती बाभूळ कधीच तुटली. तरी आई बांधावरून पावलं टाकत गेली, थांबली आणि टाचेने जमीन दाबून म्हणाली, "इथं बघा." मामाने पहार घातली. वीतभर खाली दगडाचं डोकं लागलं. रोव्हरच्या जागेपासून हातभर अंतरावर. साहेबांनी शांतपणे तीही खूण टिपून घेतली. मला ते फार आवडलं. 43 वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या बाईच्या पायांना ती जागा ठाऊक होती.

याच तालुक्यातली जुनी गोष्ट आठवली. इंग्रजांच्या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीचं निव्वळ उत्पन्न हिशेबाने काढून त्यावर सारा, म्हणजे जमिनीचा कर, बसवला. हिशेब बारकाईचा होता, पण आकडे चुकीचे होते आणि सारा न झेपणारा. लोक जमिनी टाकून गेले. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातूनच मोजणी-आकारणीची नव्याने सुरुवात केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. कागदावर पिकलेलं धान्य कणगीत येत नाही, हे माझ्या आजोळच्या मातीने इतक्या आधी सोसलंय.

एवढं असूनही कागदाला खोटं ठरवायला माझं मन धजत नाही. कारण आजोबा गेल्यावर वहिवाटीने शेत मामाचं झालं होतं. गावात कोणालाही विचारा, 'त्याचंच' म्हणून सांगतील. आई त्या मातीत वाढली, खुरपलं, पाणी धरलं, पण डोळ्यांना दिसणाऱ्या जगात तिचा हक्क कुठेच दिसत नव्हता. तो टिकला एका ओळीत. वारसनोंदीच्या वेळी तिचं नाव सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात लागलं होतं, एवढंच. या वर्षी मामाने स्वतःहून अर्ज केला, फेरफार मंजूर झाला आणि नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात आलं. "दादा, कशाला?" असं ती त्याला तीनदा म्हणाली. तो म्हणाला, "आण्णा असते तर त्यांनीच केलं असतं." ज्याला मी नुसती माहिती म्हणते, त्या एका ओळीने आज जमिनीवर माणसं उभी केली आणि बांध आखला. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 मध्ये म्हटलंय की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा नवी नोंद होईपर्यंत, खरी मानावी. 'खरी मानावी' हे शब्द दिवसभर डोक्यात फिरतायत. दगडाला असं काही मानावं लागत नाही, पण दगडाला आईचं नावही माहीत नाही.

संध्याकाळी मामा म्हणाला, आता तुझी आई खातेदार, तेव्हा तिच्या हिश्श्याची पीक पाहणी तिनेच करावी. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, घरी बसून जमत नाही. उन्हं कलली होती. मी 'ज्वारी' भरणार तेवढ्यात आईने हात धरला. "करडईचे पाटे आहेत ना मधे? ते कोण लिहिणार?" मग मिश्र पीक निवडलं. करडईही भरली.

फोटो तिनेच काढला. फोन दोन्ही हातांत घट्ट धरून, बराच वेळ. कणसं नुकती निसवतायत, त्यांच्यावर तिची लांब सावली पडलीय, पदरासकट. "दुसरा काढूया का, सावली आलीय," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली आणि स्वतःच बटण दाबलं.