पवनखिंडीआधी जोतिबा

पन्हाळा ते पवनखिंड चालायचं ठरलं तेव्हा आम्ही पाचजणांनी सरावाला म्हणून कोल्हापुरातला रंकाळा तलाव धरला. महिनाभर रोज पहाटे दोन फेऱ्या आणि मग गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. पाय तयार झाले असं वाटायला लागलं. तयार होत होतं ते फक्त पोट. रंकाळ्याला चढ कुठाय?

वाटेवरच्या धनगरवाड्यांतल्या शाळकरी पोरांसाठी रेनकोट घ्यायचे म्हणून ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे दहा-वीस रुपये कबूल करून घेतलेले. त्यामुळे पन्नासेक किलोमीटरांत मधेच बसून चालणार नव्हतं. शिवाय ही वाट जुलैतच चालायची, कारण महाराज पन्हाळ्याहून निसटले ते 1660 च्या जुलैतल्या धो धो पावसात. म्हणजे सराव पण भिजूनच करायला हवा.

जूनच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेचारला शिवाजी पुलावरून निघालो. केर्ली, कुशिरे, जोतिबा आणि वाघबीळमार्गे पन्हाळा. पुलापासून केर्लीपर्यंत गाड्यांचा त्रास, टॉर्च हातात ठेवा. जोतिबाचा चढ गप्पा मारत संपला. गुलालानं लाल झालेल्या पायऱ्यांवर पाणी पडलं की त्या साबणासारख्या होतात, एवढं सांगून ठेवतो.

खरी गंमत उतारावर. माझे बूट नवेकोरे, अगदी मापाचे. दुकानात भारी वाटले होते. दर पावलाला अंगठा पुढं जाऊन ठोकतोय, आणि मी आपला मुकाट्यानं चाललोय. वाघबीळला चहाच्या टपरीवर मोजा काढला तर नख पिकल्या जांभळासारखं. आमच्यातला तालमीतला गडी रोज बैठका मारणारा, त्याच्या पायात जुने ढगळ बूट. तो वाकून बघून म्हणाला, "भावा, पाय तुझाच आहे नव्हं?"

तर बूट एक नंबर मोठा घ्या आणि आधी महिनाभर वापरून घ्या. कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या, बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन चोळा. नुसतं चढू नका, उतरायचा सराव करा, तोही पाठीवर वजन घेऊन. पवनखिंडीच्या वाटेवरच्या मसाई पठारावर धुकं आलं की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. वाट माहीत असलेला गावकरी बरोबर नसेल तर तिथं शहाणपणा करू नका. वाडीत कुणी चहा पुढं केला तर नको म्हणू नका, पण बिस्किटांची वेष्टनं खिशातच परत आणा.

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खाऊन एसटीनं परतलो. पुढच्या रविवारी पुन्हा जोतिबा, सॅकमध्ये पाण्याच्या चार बाटल्या घालून. नख जुलैपर्यंत टिकेल असं आमचा मेडिकलवाला म्हणतोय. तालीमवाला म्हणतोय, गळू दे की, तेवढंच वजन कमी.