फक्त खायला जळगावला गेलो होतो

वीकेंडला कुठे चाललात असं ऑफिसात कोणी विचारलं आणि मी जळगाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का गं, कोणाचं लग्न आहे?" लग्न नाही, काम नाही, नुसतं खायला चाललोय म्हटलं की समोरचा बघतच राहतो. लोकांना जळगाव माहितीये ते मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बातम्यांत नाव येतं म्हणून, नाहीतर सोन्याचे भाव बघायला. मला याचं खरंच वाईट वाटतं. मी धुळ्याची, लग्नानंतर नाशिकला आले, नवरा कोल्हापूरचा. त्याने आजवर खान्देशी जेवण म्हणजे नाशिक-पुण्याच्या हॉटेलांतली शेवभाजी एवढंच खाल्लेलं, वर बोटभर तेलाचा तवंग आणि खाली तिखटजाळ पाणी, आणि त्यावरून त्याने मत बनवून टाकलेलं की तुमच्याकडे सगळं नुसतं तिखट असतं. म्हटलं थांब, थंडी पडू दे, मग तुला नेते.

थंडीच का, तर भरताची वांगी. ही वांगी वर्षभर मिळतात म्हणायला, पण खरी चव थंडीतली. आमच्याकडे जुनी माणसं चातुर्मासात वांगं खातच नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग सुरू, आणि एकदा सुरू झालं की संक्रांतीच्या पुढेपर्यंत शेताशेतात भरीत पार्ट्या चालतात. म्हणून जानेवारीतला शनिवार धरला आणि सकाळी नाशिकरोडवरून गाडी पकडली. तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे फक्त. मनमाड गेलं, नांदगाव गेलं, चाळीसगाव आलं की मला आपोआप घरी आल्यासारखं वाटायला लागतं, बाहेर वेचून झालेल्या कपाशीची काळपट शेतं दिसतात. नवरा म्हणाला ही वाळलेली झाडं अशीच का ठेवलीत. म्हटलं दुपारी कळेल.

जळगावात माझी कॉलेजची मैत्रीण आहे, तिच्या माहेरचं शेत आसोद्याच्या बाजूला. आसोदा शहरापासून अगदी जवळ, आणि आसोदा, भादली, बामणोद ही नावं घेतली की जळगावकर लगेच वांग्यांवरच येतो. ही वांगी जांभळी नसतात हे आधी सांगून टाकते कारण बाहेरच्यांना तेच माहिती नसतं. फिकट हिरवी, त्यावर पांढरट रेषा, लांब आणि चांगली मोठी, आत बिया अगदी कमी. 2016 साली जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या लोकांना त्याआधीही कोणी पटवून द्यायची गरज नव्हती. मैत्रिणीच्या माहेरचे काका वांगी निवडताना एकेक हातात घेऊन दाबून बघत होते, हलकं लागलं पाहिजे, जड वांगं म्हणजे आत बिया धरलेल्या, आणि देठ हिरवागार पाहिजे.

मग त्या कपाशीच्या काड्या. आमच्याकडे पऱ्हाट्या म्हणतात. मोकळ्या जागेत वांग्यांचा थर लावला, वांग्यांना आधी टोचे मारलेले म्हणजे फुटत नाहीत, वर-खाली पऱ्हाट्या रचल्या आणि पेटवून दिल्या. पऱ्हाटी भसकन पेटते, ज्वाळ मोठी असते, धूर फार टिकत नाही, त्यामुळे वांग्याचं साल पटकन करपतं आणि आतला गर पाणी न सुटता मऊ होतो. गॅसवर आपण एकेक वांगं फिरवत बसतो ना, त्यात एक बाजू कच्ची राहते आणि दुसरीचा कोळसा होतो, ते इथे होत नाही. नवरा लांब काठीने वांगी उलटवत होता, कोणी सांगितलंही नव्हतं त्याला, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हलत नव्हता तिथून.

सालं काढायचं काम बायकांचं नि पोरांचं, बोटं भाजतात पण गरम असतानाच काढावं लागतं. आणि मग बडगी. लाकडाचं पसरट खोलगट भांडं असतं, त्यात गर टाकून लाकडी मुसळीने ठेचायचा. मिक्सर नाही, चमचा नाही. काकूंनी आधी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचून घेतलं, त्यावर वांग्याचा गर, आणि असं हळूहळू ठेचलं की गराचे धागे राहिले पाहिजेत, पार लगदा करायचा नाही. एकीकडे मोठ्या कढईत तेल, त्यात शेंगदाणे अख्खेच, खोबऱ्याचे पातळ काप, जिरं, मग कांद्याची पात भरपूर, म्हणजे खरंच भरपूर, आणि शेवटी तो ठेचलेला गर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही, हळदसुद्धा नाही. रंग हिरवट पांढराच राहतो. हॉटेलात भरीत लाल दिसलं की मी समजून जाते.

बरोबर कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळायचे, दळतानाच त्यात मीठ घालतात. ज्वारी जास्त, उडीद कमी. नुसती ज्वारीची भाकरी गार झाली की कडक होते पण कळण्याची मऊ राहते, उडदाच्या चिकटपणामुळे थापायलाही सोपी जाते, रंगाने जरा करडी दिसते म्हणून शहरात कोणी ताटात बघितली तर नाक मुरडतील पण एक घास खाल्ला की विषय संपला. केळीच्या पानावर भाकरी, त्यावर भरीत, बाजूला मुळा, कच्चा कांदा, ठेचा, आणि पुऱ्या पण होत्या कारण जळगावकडे भरीत-पुरी खाणारे पण तितकेच आहेत. मी भाकरीवाली. "खा हो जावाई, लाजू नका," काका प्रत्येक वाढपाच्या वेळी म्हणत होते आणि नवरा अजिबात लाजत नव्हता. शेवटी तो मला हळूच म्हणाला, "हे तिखट नाहीये गं, हे गोड लागतंय." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! वांगं चांगलं असलं आणि आगीवर नीट भाजलं की त्याला स्वतःचा गोडवा असतोच, मिरची त्याच्या मागून येते.

संध्याकाळी मेहरूण तलावावर चालायला गेलो. पाळीवर छान गार वारं होतं, थंडीच्या दिवसांत मेहरूणची बोरं मिळतात ती घेतली एका आजींकडून, गोड आणि पातळ सालीची. सराफ बाजारातून एक चक्कर मारली, घेतलं काही नाही. गांधी तीर्थ मी आधी बघितलंय, जैन हिल्सवर 2012 पासून सुरू झालेलं गांधीजींच्या आयुष्यावरचं म्युझियम आहे आणि फार मनापासून केलेलं आहे, अर्धा दिवस हातात असेल तर नक्की जा, आम्ही या वेळी पोटासाठी आलो होतो म्हणून राहिलं.

रात्री शेवभाजी खायचीच होती, नाहीतर नवऱ्याचं जुनं मत तसंच राहिलं असतं. हायवेवरच्या एका साध्या ढाब्यावर गेलो. कांदा आणि सुकं खोबरं थेट आगीवर भाजून, पार काळपट होईपर्यंत, मग आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटून तेलात परततात, त्यात काळा मसाला. त्या काळपणामुळेच रश्श्याला तो धुरकट वास येतो. तेल असतं, नाही म्हणत नाही, पण ते परतताना वाटणातून सुटलेलं असतं, वरून ओतलेलं नसतं. आणि शेव जाड, तिखट, भाजीसाठीच केलेली, ती ताटात आल्यावर रश्श्यात पडली पाहिजे. किचनमधेच घालून आणली तर टेबलावर येईपर्यंत पिठलं होतं. इथे शेव वेगळ्या वाटीत आली तेव्हाच मी निश्चिंत झाले. नवऱ्याने तांबड्या रश्श्याशी तुलना सुरू केली, त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. त्याचं म्हणणं कोल्हापुरी रस्सा आधी जिभेवर लागतो आणि हा घशात उतरल्यावर कळतो. हे त्याने बरोबर पकडलं असं मला वाटतं.

रविवारी सकाळी मांडे. हे मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलेलं, कारण मांडे हॉटेलात जाऊन मागवायची गोष्ट नाही, ऑर्डर घेणाऱ्या बायका असतात, त्यांना आदल्या दिवशी कळवावं लागतं. जुन्या जळगावात एका मावशींकडे गेलो. अंगणात तीन दगडांची चूल, त्यावर मातीचं मोठं खापर पालथं घातलेलं, खाली लाकडं. कणीक इतकी सैल की हातात धरवत नाही, ती आपटून आपटून तिंबलेली, ओढली की तुटत नाही नुसती लांबते. त्यात पुरणाचा मोठा गोळा भरला. आणि मग मावशींनी लाटणं वगैरे काही घेतलं नाही, तो गोळा दोन्ही हातांवर घेतला आणि या हातावरून त्या हातावर टाकत टाकत वाढवायला लागल्या, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, रुमालासारखा पातळ मांडा त्यांच्या हातांवर लोंबत होता आणि आतलं पुरण पलीकडून दिसत होतं, कुठे फाटला नाही, कुठे पुरण गोळा झालं नाही. एका झटक्यात खापरावर. खापर फार तापलं की पाण्याचा हबका मारायचा. मिनिटभरात भाजून झाला की घडी घालून ताटात.

मी लहानपणापासून मांडे खाल्लेत, आजी करायची, पण इतक्या जवळून या वेळी बघितलं. मावशींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने बारीक डाग होते. किती वर्षं करताय विचारलं तर म्हणाल्या सासूने शिकवलं, तेव्हापासून. सुनेला येतं का? तर हसल्या, म्हणाल्या तिला नोकरी आहे, पण नातीला हौस आहे, ती रविवारी कणीक तिंबते. हा मांडा दुधात साजूक तूप घालून खायचा, बाजूला पुरणाच्या डाळीच्या कटाची झणझणीत आमटी. गोडाचा घास, आमटीचा भुरका. दुकानात मांड्यांचे डबे मिळतात आता, ते वाईट नसतात, पण खापरावरून उतरलेला पहिल्या पाच मिनिटांतला मांडा वेगळाच आहे, आणि त्याचे मागतील ते पैसे दिले पाहिजेत असं माझं मत आहे. मेहनत बघितल्यावर घासाघीस करायला तोंड उघडत नाही.

एवढं खाल्ल्यावर दुपारी जेवण नको होतं खरंतर. पण काकूंनी वरण-बट्टी केलेली. गहू जाडसर दळून आणायचे, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन, घट्ट गोळे करून वाफवायचे, मग कापून तळायचे. राजस्थानी बाटी निखाऱ्यावर भाजतात, आपली आधी उकडलेली असते त्यामुळे बाहेरून खुसखुशीत नि आतून मऊ. ताटात बट्टी कुस्करायची, त्यावर तुरीचं साधं वरण, तूप, लिंबू, आणि घोटलेली वांग्याची भाजी. पंगतीचं जेवण आहे हे, एकट्यादुकट्याने बसून खाण्यात मजा नाही. शेजारची दोन घरं पण आली, व्हरांड्यात सतरंजी टाकून सगळे बसलो, कोण कोणाचं नातेवाईक आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे नवऱ्याला जावाईच म्हणत होते.

गाडी संध्याकाळची होती. निघताना फुले मार्केटमधून केळीचे वेफर्स घेतले, काळी मिरीवाले, आणि काकूंनी त्यांच्याकडचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दिले बांधून. बिबडे उन्हाळ्यात घालतात, भाजून वर कच्चं तेल आणि शेंगदाणे, चहाबरोबर. कळण्याचं पीठ पण दिलं दोन किलो, कारण नाशिकच्या गिरणीवाल्याला उडीद-ज्वारी एकत्र दळून द्या म्हटलं की तो वैतागतो.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी बघा. ओळखीचं शेत नसलं तरी अडत नाही, शहरात भरीत विकणारी बरीच ठिकाणं आहेत, किलोवर मिळतं, काही ठिकाणी तुम्ही वांगी नेऊन दिलीत तर भाजून करून देतात, फक्त पऱ्हाट्यांवर भाजता की गॅसवर ते विचारा आणि मगच थांबा. मांड्यांसाठी जिथे उतरणार तिथल्या माणसांना आधी फोन करून ठेवा. शेवभाजी रात्रीच खा, ढाब्यावर.

नवऱ्याने परतीच्या गाडीतच काकांना फोन लावला, पोचल्याचं सांगायच्या आधीच विचारलं की आमरसाबरोबर मांडे कधी चांगले लागतात. काका म्हणाले मे महिन्यात या, उन्हाचं बघू.