बॉक्स गेला तरी डिस्क वाचली पाहिजे

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट एकदाचं नक्की झालं, भाड्याच्या घरात जायची तारीख आली, आणि मी सगळ्यात आधी काय आवरायला घेतलं तर आप्पांच्या टेपा. मिनीडीव्हीच्या ८४ टेपा आहेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या, प्रत्येकीवर आप्पांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, "पाडवा शोभायात्रा", "सोसायटी गणपती, विसर्जन मासुंदा", "ताईचं केळवण". निम्म्याहून जास्त मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात, कॅमेऱ्याला फायरवायरची वायर लावायची आणि टेप चालू करायची, टेप एक तासाची असेल तर एक तास लागतोच, तिथे घाई चालत नाही. तासाचे साधारण १३ जीबी होतात, म्हणजे सगळ्या मिळून ११०० जीबीच्या आसपास जातील. त्यात स्कॅन केलेले जुने फोटो, माझे रॉ फोटो, माझ्या आणि ताईच्या मोबाईलमधलं सगळं धरलं की तीन टीबीच्या वर जातंय. हे ठेवायला कॉम्प्युटरच्या बाहेरचा, तीन-चार डिस्क बसतील असा बॉक्स हवा होता आणि तो निवडायला मला दोन महिने लागले. इतका वेळ का लागला ते आधी सांगते.

माझ्याकडे आधी दोन डिस्कचा एक बॉक्स होता. मागे छोटा स्विच, तो मिररवर ठेवला की दोन्ही डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते. मला वाटायचं, एक डिस्क गेली तर दुसरी आहे, झालं की काम. गेल्या वर्षी जुलैत एका रात्री लाईट तीन-चारदा गेली-आली आणि सकाळी बॉक्सचा निळा दिवा नुसता लुकलुकत बसला, आत डिस्क फिरल्याचा आवाजच नाही. दोन्ही डिस्क काढून साध्या डॉकला, म्हणजे सुटी डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायच्या स्टँडला, लावल्या तर दोन्ही मस्त फिरल्या, कटकट नाही की खरखर नाही, पण विंडोज म्हणे डिस्क रिकामी आहे, वापरायची असेल तर इनिशियलाइज करा. दोन्ही डिस्क ठणठणीत आणि दोन्हींवर काहीच नाही! माझ्या हातापायातली ताकदच गेली. बॉक्सवाल्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की ते मॉडेल आता बंद झालंय आणि डेटाची जबाबदारी आम्ही घेत नाही.

ताईच्या मुलाला फोन केला. "मावशी, स्क्रीनवर काहीही विचारलं तरी ओके म्हणू नकोस, मी येतो," म्हणाला आणि रात्री नेरूळवरून त्याचा लिनक्सचा लॅपटॉप घेऊन आला. तासाभरात त्याने कारण शोधलं. डिस्कवरची जागा छोट्या छोट्या खणांत मोजलेली असते, त्याला सेक्टर म्हणतात, आमची डिस्क कॉम्प्युटरला सांगते की माझे खण ५१२ बाइटचे आहेत. पण त्या बॉक्समधली चिप मधे बसून सांगायची की खण ४०९६ बाइटचे आहेत. जुन्या विंडोज एक्सपीला २ टीबीपेक्षा मोठी डिस्क दिसावी म्हणून एके काळी बऱ्याच बॉक्सांत ही सोय केलेली होती. आता चिपच मेली, डिस्क थेट लावली, आणि सगळे पत्ते चुकले. चाळीतल्या खोल्यांचे नंबर रातोरात बदलावेत आणि पोस्टमन जुन्याच नंबरांची पत्रं घेऊन जिन्यावर उभा राहावा, तसं. पत्रं आहेत, खोल्या आहेत, माणसं पण आत आहेत, फक्त कोण कुठे ते कळत नाही. त्याने लिनक्समध्ये एक कमांड देऊन सांगितलं की ही डिस्क ४०९६ च्या खणांची समजून वाच, आणि फोल्डर उघडले. सगळे. आप्पा तोपर्यंत मागे खुर्चीत बसून होते, काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "केळवण आहे का बघ." होतं.

तेव्हापासून माझी एकच अट आहे. बॉक्स उद्या मेला तर त्यातली डिस्क काढून कुठल्याही साध्या कॉम्प्युटरला लावल्यावर ती वाचता आली पाहिजे. बाकी स्पीड, दिसणं, दिवे, ॲप, सगळं नंतर.

ही अट लावली की दुकानातले अर्धे बॉक्स आपोआप बाद होतात, आणि रेडचा प्रश्नही सुटतो. रेड ही चांगलीच गोष्ट आहे, १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी पेपर लिहून मांडली, स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र बांधून एका महागड्या डिस्कचं काम करून घ्यायचं. ऑफिसात, स्टुडिओत, जिथे एक डिस्क गेली म्हणून काम थांबून चालणार नाही तिथे ती पाहिजेच. रेड ५ मध्ये ४ टीबीच्या चार डिस्क टाकल्या तर १२ टीबी जागा मिळते आणि एक डिस्क गेली तरी चालतं, ऐकायला किती छान. पण घरच्या बॉक्समध्ये ती बांधणी बॉक्सच्या चिपच्या पद्धतीने होते, चिप गेली तर चारही डिस्क हातात असून एकटी कुठलीच वाचता येत नाही, बहुतेक वेळा तसाच बॉक्स पुन्हा शोधावा लागतो. डिस्क बदलली तर नवीन डिस्क भरायला वेळ लागतो तो वेगळाच, सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने ४ टीबी भरायचे म्हटले तरी साडेसात तास, आणि तेवढा वेळ बाकीच्या तीन जुन्या डिस्क सलग राबणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रेड हा बॅकअप नाहीच. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केला तर मिरर तो दोन्हीकडून त्याच क्षणाला काढून टाकतो.

म्हणून मी चार खणांचा पण प्रत्येक डिस्क वेगळी दिसेल असा बॉक्स शोधला. इथे शब्दांची एक गफलत आहे ती लक्षात ठेवा. जेबीओडी असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काही कंपन्या "प्रत्येक डिस्क वेगळी" असा घेतात आणि काही कंपन्या "सगळ्या डिस्क जोडून एक लांबलचक डिस्क" असा घेतात, आणि दुसऱ्या प्रकारात एक डिस्क गेली की सगळं धोक्यात. क्यूनॅप कंपनीच्या टीआर-००४ या बॉक्सला मागे छोटे स्विच आहेत, त्यात इंडिव्हिज्युअल वेगळं आणि जेबीओडी वेगळं, तिथे जेबीओडी म्हणजे जोडलेली डिस्क. टेरामास्टरच्या डी४-३०० मध्ये रेडची भानगडच नाही, चार डिस्क टाका, चार दिसतात. दुकानदाराला "जेबीओडी आहे का" असं विचारू नका, "चार डिस्क टाकल्या तर कॉम्प्युटरवर चार दिसतील का" असं विचारा.

भाचा म्हणत होता, मावशी तू नॅसच घे, मोबाईलवर पण दिसेल. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा बॉक्स, एक वेगळा छोटा कॉम्प्युटरच, त्याची स्वतःची सिस्टीम, स्वतःचे अपडेट, आणि तो इंटरनेटकडे उघडा राहिला तर स्वतःचे धोके. २०२१ च्या जूनमध्ये इंटरनेटला जोडलेले असेच घरगुती नेटवर्क ड्राइव्ह कुणीतरी बाहेरून रिकामे करून टाकले होते, लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. माझ्या घरी एक डेस्कटॉप, बघणारे तीन जण. मला यूएसबीची वायर पुरे, आणि काम झालं की मी बॉक्स बंद करते. ज्यांच्या घरी पाच लॅपटॉप आहेत त्यांनी नॅसचा विचार जरूर करावा.

चार खण कशाला, डेटा तर तीनच टीबी, असं ताई विचारत होती. तर माझा हिशोब असा. पहिल्या खणात मूळ डिस्क. दुसऱ्या खणात तेवढीच मोठी डिस्क, तिच्यावर रविवारी रात्री फ्रीफाइलसिंक नावाच्या सॉफ्टवेअरने कॉपी. आणि तिसरी डिस्क ताईकडे नेरूळला राहणार, महिन्यातून एकदा इथे येणार, तिसऱ्या खणात बसणार, कॉपी होऊन परत जाणार. चौथा खण जुन्या डिस्क वाचायला मोकळा. घर आता दोन-तीन वर्षांत दोनदा तरी हलणार, टेम्पोत काय आपटेल सांगता येत नाही, म्हणून एक कॉपी या घरात नसलेलीच बरी. यासाठी ट्रे बाहेर ओढता येणारे हवेत, स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला की महिन्याचं काम तीन महिन्यांनी होतं, मला माझा स्वभाव माहितीये.

मग एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळालं असतं, पण मला वस्तू हातात घेऊन बघायची होती. पहिल्या दुकानात एक छान अॅल्युमिनियमचा बॉक्स दाखवला, मी त्यांना म्हटलं दादा अॅडॅप्टर दाखवा. त्यांना वाटलं मी उगाच वेळ घालवतेय. अॅडॅप्टर उलटा करून वाचला तर १२ व्होल्ट, ४ अँपिअर. आता साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर खेचते, चार डिस्क एकदम उठल्या तर आठ. चालू झाल्यावर खूप कमी लागतं, पण उठताना लागतंच. डिस्क एकामागून एक सुरू करणारा बॉक्स असेल तर लहान अॅडॅप्टर पुरतो, नाहीतर चौथी डिस्क टाकली की मधेच एखादी गायब होणार, परत येणार, आणि माणूस डिस्कला दोष देत बसणार. या बॉक्सच्या डिस्क एकदमच उठतात का ते त्या दादांना सांगता येईना, मी नको म्हटलं. तिसऱ्या दुकानात मिळाला तो साडेसात अँपिअरचा, आणि यात डिस्क ओळीने उठतात. दुकानातच दोन डिस्क लावून ऐकलं, आधी एक घुंईं, मग सेकंदभराने दुसरी.

मागचा पंखा पण बघून घ्या. मोठा पंखा हळू फिरतो, आवाज कमी, लहान पंखा चिरचिरतो आणि रात्री टेप उतरवताना डोकं उठतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच पस्तिशीला असते, बॉक्स बंद कपाटात ठेवायचा नाही. माझ्या डिस्क दुपारी ४३-४४ डिग्रीला असतात, तेवढं चालतं. हे तापमान दिसतंय म्हणजे बॉक्सची चिप डिस्कची तब्येत कॉम्प्युटरपर्यंत पोचू देतेय, काही बॉक्स तीच अडवतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून चारही डिस्कचा सिरियल नंबर आणि रिअॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाले म्हणून डिस्कने बदललेले खण, दिसतायत का ते परत करायच्या मुदतीच्या आत तपासा.

स्पीडवर फार पैसे घालवू नका. बॉक्सवर लिहिलेलं यूएसबी ३.२ जेन १ म्हणजे आपलं जुनं यूएसबी ३.०, ५ गिगाबिटवालंच. फिरणारी डिस्क सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे एमबी देते, वायर चारशेच्या वर नेते, म्हणजे एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी करायला पुरून उरते. एसएसडी टाकणार असाल तरच १० गिगाबिटवाला घ्या. डिस्क घेताना मात्र सीएमआरच घ्या, म्हणजे जिच्यात लिहिण्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात ती, एसएमआर म्हणजे एकमेकींवर थोड्या चढलेल्या पट्ट्यांच्या डिस्कवर सलग मोठं काही लिहायला गेलं की थोड्या वेळाने वेग पार बसतो. आणि छोटा यूपीएस, हा मी जुलैनंतर लगेच घेतला.

घरी आणल्यावर एकच परीक्षा घेतली. नवी कोरी डिस्क बॉक्समध्ये टाकली, फॉरमॅट केली, त्यावर फक्त टेप नंबर १ ची फाइल ठेवली. मग बॉक्स बंद करून ट्रे ओढला, डिस्क काढली आणि डेस्कटॉपचं झाकण उघडून आतल्या साध्या साटा केबलला थेट लावली. कॉम्प्युटर चालू होईपर्यंत मी श्वास धरून होते. फोल्डर दिसला, फाइल उघडली, २००३ चं विसर्जन, पाऊस, लेन्सवर थेंब, मागून आप्पांचा आवाज, "अरे छत्री धरा कुणीतरी." मग उलटं पण केलं, डेस्कटॉपवर भरलेली डिस्क बॉक्समध्ये टाकली, तीही दिसली. त्यानंतरच बाकीचं सगळं कॉपी करायला घेतलं, ती रात्र आणि दुसरा अर्धा दिवस गेला.

काल ताई येऊन तिसरी डिस्क घेऊन गेली. अँटीस्टॅटिक पिशवीत घातली, वर जुन्या टॉवेलच्या दोन घड्या, आणि आईचा पोळ्यांचा स्टीलचा डबा. नेरूळची गाडी ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते, शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तिला म्हटलं दोन गाड्या सोड पण बसूनच जा आणि डबा मांडीवर ठेव. पोचल्यावर तिचा मेसेज आला, कपाटात साड्यांच्या मागे ठेवलाय. आप्पांनी टेप नंबर ५४ टेबलावर काढून ठेवलीये, कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज झाली की ती लावते.