सब्जेक्टमध्ये नुसती प्रश्नचिन्हं

आज अख्खी दुपार पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ईमेल लायब्ररीने (मेल हाताळणाऱ्या तयार कोडने) खाल्ली. मेलमधून विषय आणि मजकूर काढायचा, एवढंच काम. पण मराठी विषयाच्या जागी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव) आणि पुढे बेस६४ची, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरा-आकड्यांत बदललेल्या मजकुराची, अगम्य अक्षरं. मला वाटलं, मेलच खराब. तो धडधाकट होता! १९९६च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार हेडरमध्ये (विषय, पाठवणारा वगैरे माहितीत) आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हांपलीकडचं, काही असेल तर ते असंच गुंडाळून पाठवतात. आणि लायब्ररी मुळात जुन्या 'कॉम्पॅट३२' पॉलिसीवर (नियमसंचावर) चालते. ती हे गाठोडं सोडतच नाही. मेल पार्स करताना (वाचून त्याचे भाग सुटे करताना) 'डिफॉल्ट' पॉलिसी दिली (नाव डिफॉल्ट, पण आपोआप लागू होत नाही, धन्य!) आणि विषय लख्ख मराठीत. मजकुराला मात्र अजून 'नन', म्हणजे काहीच नाही. मेल मल्टिपार्ट, म्हणजे अनेक भागांचा, निघाला. शेवटी लायब्ररीच्या 'गेट बॉडी' या फंक्शनकडे साधा टेक्स्ट भाग मागितला, तेव्हा मिळाला. आत एकच ओळ: 'कृपया जोडलेली फाइल पाहावी.'