काम चालू आहे, थांबलेलं नाही

आज बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, पहिल्यांदाच सलग वाचलं, चारच तर अध्याय. ज्याने तुमच्यात चांगलं काम सुरू केलं तो ते पूर्ण करील, हे 1:6 संडेस्कूलपासून तोंडपाठ, कोणाच्या घरी काही अडचण असली की तेच सांगतो आपण. पण आज मी अडकले चौथ्या अध्यायात. तिथे पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन विनवतोय की बायांनो, एकचित्त व्हा. म्हणजे ज्या मंडळीबद्दल तो एवढ्या खात्रीने बोलला तिच्यातच बिनसलेलं होतं, आणि या दोघी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर झटलेल्या. हे सगळं माहीत असून, स्वतः बेड्यांत असून, तो "पूर्ण करील" म्हणतो! कारण त्याचा भरवसा त्या दोघींच्या स्वभावावर नव्हताच, काम सुरू करणाऱ्यावर होता. याच फिलिप्पैत लुदिया नावाची बाई नदीकाठी पौलाचं ऐकत बसलेली तेव्हा तिचं मन प्रभूने उघडलं असं प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये आहे, पौलाने उघडलं असं नाही. तिथपासून हे पत्र लिहीपर्यंत दहा-एक वर्षं तरी गेली असतील.

आमच्या घरात पण असंच आहे. पप्पा आणि काका, बागेच्या बांधावरून बोलणं बंद, कोकणात हे काय नवीन नाही, पण दोघं एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूला बसणार आणि प्रभुभोजनाला पुढे जाणार हे बघून मला आतून तुटायला व्हायचं. मी लग्नाआधीपासून यासाठी प्रार्थना करत आले. मग गेल्या पावसाळ्यात पप्पांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि मला वाटलं संपलं, आता शब्दच फुटत नाही तर हे मिटणार कसं.

परवा माळ्यावर अढी काढत होते. भाताच्या पेंढ्यात शेवटचे हापूस, वरचा थर पिवळा, खालचे अजून हिरवट, एक-दोन देठाकडे काळे पडलेले ते बाजूला काढले. घातल्यापासून रोज चाचपून बघितलं की आंबा लवकर पिकत नाही, उलट बोटाच्या जागी नासतो, हे पप्पांनीच शिकवलेलं, आणि मी माझ्या प्रार्थनेचं नेमकं तेच करत होते की काय असं मनात आलं. चांगले निवडून पेटी भरून खाली आणली. पप्पा खाटेवरून बघत होते. डावा हात उचलला, पेटीकडे दाखवला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तेका... पण... एक धाड." मी विचारलं कोणाला? तर बांधाच्या दिशेने मान केली. मला तिथेच रडू आलं, आई स्वयंपाकघरातून धावत आली काय झालं म्हणून.

बोलणं धड होतं तेव्हा जे तोंडातून निघालं नाही ते आता निघालं. मी मागत होते एक आणि देव आत वेगळंच काहीतरी घडवत होता, मला न दिसता.

आपल्या कोकणातल्या करजगावात जन्मलेल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांत त्या माउलीचं सोवळं-ओवळं, राग, ताटातूट, सगळं झालं. बाहेरून बघणाऱ्याला तेव्हा काय दिसलं असतं? मोडलेलं घरच. आणि पुढे टिळक 1919 ला गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, येशूच्या जीवनावरचं काव्य, हातात घेतलं ते याच लक्ष्मीबाईंनी.

काकांनी पेटी ठेवून घेतली, बोलले काही नाहीत. चुलतभाऊ म्हणाला की रात्री एकटेच बसून दोन आंबे खाल्ले. रविवारी पप्पांना व्हीलचेअरवरून उपासनेला नेणार आहे, पायरीवरून खुर्ची उचलायला दोन माणसं लागतील, चुलतभावाला सांगून ठेवलंय. काका येतील की नाही माहीत नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा, दोघांची.