भिंतीवरचा काळा पट्टा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न तसा नेहमीचाच. मी ऑफिसांची इंटिरिअर्स करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, कॉलेजातली मुलं विचारतात, आणि गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या एचआरमधल्या बाईंनी फोन करून विचारलं, "मॅडम, आमच्या कंपनीचं कल्चर ऑफिसमध्ये दिसलं पाहिजे. ते तुम्ही कसं करता? रिसेप्शनच्या मागे एक कल्चर वॉल करायचं आमच्या मनात आहे." मी तेव्हा साइटवर होते. डोक्यावर फॉल्स सीलिंगचं काम, शेजारी ग्रॅनाइट कापणारा कटर. त्यांना धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

पुण्यात मला हे काम करायला लागून बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मीही भिंतीपासूनच सुरुवात करायचे. लोगोतले रंग घ्यायचे, ब्रीदवाक्याची ॲक्रिलिकची अक्षरं कापून आणायची, मागून एलईडी पट्टी सोडायची. क्लायंट खूश, फोटो छान. आता मी पहिले दोन दिवस नुसती जाऊन बसते. टेप काढत नाही, लॅपटॉप उघडत नाही. लोक कुठे उभे राहून बोलतात, कुठे आवाज खाली येतो, साहेब आले की कोण उठतं आणि कोण उठत नाही, डबे कुठे उघडतात, माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला पाणी कोण विचारतं, एवढंच बघते. याचे मी पैसे लावते, आणि काही क्लायंट त्यावरून कुरकुरतात.

भोसरीचं एक काम सांगते, म्हणजे मी काय बघते ते कळेल.

पंपांचे सुटे भाग करणारा कारखाना. खाली शॉपफ्लोअर, वर डिझाइन सेक्शन आणि अकाउंट्स, मधे लोखंडी जिना. परदेशी गिऱ्हाइकं येऊ लागली होती, म्हणून मालकांना वरचा मजला नवा करायचा होता. पहिल्याच भेटीत त्यांनी मला जिन्याच्या दारापाशी नेलं आणि म्हणाले, "मॅडम, आधी हे घालवा." डाव्या हाताच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीनेक फुटांवर, काळा पट्टा होता. सात-आठ फूट लांब. ग्रीसचा. दर दिवाळीला ते भिंतीला ऑइल पेंट देत आणि संक्रांतीपर्यंत पट्टा पुन्हा उमटलेला असे.

मी दोन दिवस त्या भिंतीसमोरच्या एका रिकाम्या टेबलाशी बसले. खालून एक फिटर यायचा. हातात ड्रॉइंगची गुंडाळी. भिंतीला कोपर टेकवायचा, दुसऱ्या हाताने ड्रॉइंग भिंतीवरच पसरायचा आणि हाक मारायचा, "ताई, जरा बघा की. ह्यो बोअर बसंना. तुम्ही पॉइंट शून्य दोन दिलाय, आपल्या मशिनला तेवढं निघत न्हाई." मग डिझाइनमधली मुलगी जागेवरून उठून यायची. भिंतीपाशी दोघं उभ्याउभ्या बोलायची, तिथेच पेन्सिलीने ड्रॉइंगवर खूण व्हायची आणि तो खाली जायचा. पहिल्या दिवशी मी मोजलं, अकरा वेळा झालं हे. एकदाही कुणी "मेल टाका" म्हणालं नाही. एकदाही कुणी "आधी तुमच्या सुपरवायझरला पाठवा" म्हणालं नाही. त्या मुलीच्या ड्रॉइंगमध्ये खोट काढली जात होती, तीही सगळ्यांदेखत, आणि ती ऐकून घेत होती.

मालकांनी मला दिलेल्या कागदावर कंपनीची मूल्यं म्हणून इनोव्हेशन, इंटेग्रिटी असे सहा शब्द होते. या पट्ट्याबद्दल त्यात काही नव्हतं. त्या कारखान्याचं जे खरं भांडवल होतं, ते दर दिवाळीला रंगाखाली जात होतं.

आम्ही भिंतीचा तो दहा फुटांचा तुकडा काढला आणि तिथे उभ्याने काम करायचं टेबल केलं, बेचाळीस इंच उंच, दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतील असं. वर काळा ग्रॅनाइट. माझ्या मिस्त्रीने कोटा दगड सुचवला होता, पण कोटा तेल पितो आणि मग ते डाग जन्मात निघत नाहीत. त्या टेबलावर एवढा उजेड दिला की चाळिशी लागलेल्या फिटरलाही चष्म्याशिवाय ड्रॉइंगवरचे आकडे वाचता यावेत. दाराशी बेसिन, त्यावर साबणाच्या पावडरचा डबा. डिझाइनवाल्यांची पाठ आधी दाराकडे होती, ती टेबलं फिरवली. आता आलेला माणूस त्यांना दिसतो, त्याला हाक मारावी लागत नाही.

भांडण झालं ते दारावरून. मालकांना तिथे काचेचं पार्टिशन आणि कार्डाने उघडणारं लॉक हवं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. गिऱ्हाइकांची गोपनीय ड्रॉइंग्ज असतात, करारात तसं लिहिलेलं असतं. पण एकदा लॉक बसलं की फिटर वर येणार नाही, काचेबाहेर उभं राहून आत बघत बसण्यात त्याला कमीपणा वाटणार, हे मला दिसत होतं. तीन मीटिंगा यावर गेल्या. शेवटी गोपनीय कामासाठी कोपऱ्यात दहा बाय बाराची एक बंद खोली केली आणि लॉक तिला लावलं. जिन्याचं दार उघडं राहिलं. त्या कामातली माझी खरी डिझाइन कुठली विचाराल तर मी ते उघडं दार दाखवेन. फोटोत ते येत नाही.

भिंतीवर शब्द लिहिण्याची हौस काही आजची नाही. अमेरिकेत बफेलोला 1906 साली लार्किन या साबणाच्या कंपनीची कचेरी उभी राहिली. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाचं काम. पोस्टाने माल विकणारी कंपनी, म्हणजे पत्रांचे ढीग आणि कारकुनांची फौज. राइटने मधे वरून उजेड येणारा उंच चौक ठेवला, आपल्या वाड्यात असतो तसा, पण कित्येक मजले उंच. आजूबाजूला रेल्वेचा धूर, म्हणून आत गाळलेली हवा खेळवली. साहेबलोकही त्या चौकात, सगळ्यांच्या नजरेसमोर बसत. आणि वरच्या कठड्यांवर बुद्धी, उत्साह, सहकार्य, उद्योग असे शब्द कोरलेले. मला या इमारतीबद्दल मनापासून आदर आहे. ती 1950 साली पाडली याचं वाईट वाटतं. पण तिथल्या टेबलांची रचना मी कॉलेजातल्या मुलांना मुद्दाम दाखवते. बसायची जागा लोखंडी दांड्याने टेबलालाच जोडलेली होती. झाडायला सोपं, दिसायला शिस्तीचं. बसणाऱ्याला मात्र खुर्ची हवी तशी मागे घेता येत नाही, शेजारणीकडे वळवता येत नाही. दिवसभर अंगाला काय कळत असेल, वरचे शब्द की खालचा दांडा?

माझे वडील नाना पेठेत भुसार मालाच्या एका पेढीवर हिशेब लिहायचे. मी लहानपणी त्यांना डबा द्यायला जायचे. चपला बाहेर काढायच्या. आत सगळीकडे गाद्या. शेठ लोडाला टेकून, दार आणि गल्ला दोन्ही दिसतील असे. वडील त्यांच्यापासून पाच-सहा फुटांवर, उतरत्या लाकडी डेस्कापाशी मांडी घालून. गावाहून शेतकरी आला तर तो शेठच्याच गादीच्या कडेला बसायचा. पेढीवर एकोपा होता असं मी म्हणणार नाही. पगाराचा विषय काढायची वडिलांची हिंमत नव्हती आणि लोड एकालाच होता. पण भाव सगळ्यांच्या कानावर पडत. तूर कुणी कितीला मागितली, कुणाची उधारी थकली, शेठने कुणाला का नाही म्हटलं, हे वडिलांना कुणी शिकवलं नाही, ते कानाने शिकले. पुढे पेढी नव्या जागेत गेली, शेठना काचेची केबिन झाली, एसी आला. वडील घरी येऊन म्हणायचे, "आता आत काय ठरतं ते कळत नाही. चिठ्ठी येते, ती मी लिहितो."

आज कुणी मालक केबिन मागतो तेव्हा मी त्याला हेच विचारते: तुमच्या बोलण्यातलं लोकांच्या कानावर काय पडायला हवं, आणि काय पडता कामा नये? काहींना केबिन खरंच लागते. बँकेशी बोलायचं असतं, कुणाला घरची अडचण सांगायची असते. त्यांना मी जाड भिंतींची, आवाज न जाणारी केबिन देते, सीलिंगच्या वरपर्यंत पार्टिशन नेऊन. वरून उघडं राहिलेलं पार्टिशन म्हणजे फसवणूक आहे. आतल्याला वाटतं आपण एकटे आहोत, आणि बाहेर सगळं ऐकू जात असतं.

माझ्या हातून झालेली चूकही सांगायला हवी. दहाएक वर्षांपूर्वी बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम केलं. मालक तरुण, तळमळीचे. "आमच्याकडे कुणी बॉस नाही," म्हणायचे, आणि तसं वागायचेही. मी त्यांचं म्हणणं ऐकलं आणि सरळ सगळ्या भिंती काढल्या. एकही केबिन नाही. लांबच लांब टेबलं, मधे झोपाळा, भडक केशरी गालिचे. लोकांना मी काहीच विचारलं नाही. सहा महिन्यांनी गेले तेव्हा हॉलमध्ये चिडीचूप. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. दोन मीटिंग रूम मॅनेजरांनी सकाळीच अडवून ठेवलेल्या, म्हणजे केबिनच झाल्या होत्या त्यांच्या. आणि जिन्यात, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर, एक मुलगी भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती. आईच्या ऑपरेशनबद्दल. रडत होती. तिला त्या आठ हजार चौरस फुटांत मी एक कोपरा दिला नव्हता. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

नंतर, 2018 साली, ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांचा अभ्यास वाचनात आला. दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती पाडून ऑफिस खुलं केलं, तेव्हा या दोघांनी लोकांच्या अंगावर सेन्सर लावून आधीचं आणि नंतरचं बोलणं मोजलं होतं. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल, मेसेज वाढले. सतत दिसत राहिलेली माणसं आपापल्या परीने आडोसा शोधतात. मला ते आकड्यांच्या आधी त्या लँडिंगवर दिसलं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते, आणि ती नेदरलँड्समधल्या एका इमारतीवरून घेतली आहे. ॲपलडोर्नला सेंट्राल बेहेर या विमा कंपनीचं ऑफिस हर्मन हर्ट्झबर्गर यांनी 1972 साली पूर्ण केलं. छोट्या छोट्या चौकोनी बैठका, एकमेकींना जोडलेल्या, आणि काँक्रीटचे करडे ठोकळे तसेच उघडे. मुद्दाम अर्धवट सोडलेलं काम. पुढचं तिथे बसणाऱ्यांनी करावं अशी अपेक्षा. आणि लोकांनी केलं. घरून कुंड्या आणल्या, चित्रं लावली, सामान आपल्या सोयीने मांडलं. म्हणून मीही आता बजेटचा दहावा हिस्सा हँडओव्हरपर्यंत, म्हणजे जागा ताब्यात देईपर्यंत, खर्चू देत नाही. सहा महिने लोकांना राहू द्यायचं, मग परत जायचं. पायवाट कुठून पडली ते तोवर दिसतं. कुठली खुर्ची कायम खिडकीकडे ओढलेली असते, प्रिंटरपाशी कोण घुटमळतं, कुठल्या टेबलाखाली कुणी चपलांचा जोड ठेवलाय. उरलेले पैसे तिथे घालायचे. बाणेरच्या कंपनीतही मी तसंच केलं, माझी फी न घेता. फोनसाठी तीन बंद खोल्या, छताला आवाज खाणारे पॅनेल, आणि झोपाळ्याच्या जागी मोठं जेवणाचं टेबल. झोपाळ्यावर कुणीच बसत नव्हतं. सगळ्यांसमोर कामाच्या वेळी झुलणार कोण?

पैसे थोडे असतील तर कुठे घालायचे, हेही नेहमी विचारतात. माझं मत पक्कं आहे: खुर्च्या, उजेड, आवाज, बाथरूम. रिसेप्शनचा इटालियन मार्बल सगळ्यात शेवटी. पाहुणा तिथे दहा मिनिटं बसतो, तुमची माणसं आत नऊ तास.

आता एचआरच्या बाईंना. तुमची कल्चर वॉल मी करून देईन, नाही म्हणत नाही. अक्षरं चांगली कापणारा माणूस माझ्याकडे आहे. पण त्याआधी मला तुमच्याकडे दोन दिवस यायचंय. बोर्डरूममध्ये प्रेझेंटेशन नको. मला एक ते दोनमध्ये बोलवा, सगळे जेवायला उठतात तेव्हा. मला कुठे बसवायचं ते ठरवू नका, कुणाला सांगूही नका मी कोण ते. डबा मी घरून घेऊन येईन.