वाकड्या आरशांच्या बाजूने

दुपारी खुर्चीत रेलून वाचत होतो, तर छतावरून काहीतरी सर्रकन पळालं. पाल असेल म्हणून मान वर केली, तर कवडसा. खिडकीतून आलेली तिरीप मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर पडली होती आणि तिथून उसळून छताला चिकटली होती. पान उलटायला हात जरा हलवला की स्वारी या भिंतीवरून त्या भिंतीवर. हात अगदी गच्च धरून ठेवला तरी बारीक थरथर चालूच. पुस्तक पोटावर उपडं पडलं आणि पुढचा बराच वेळ मी कवडसा खेळवत बसलो. या वयात!

कवडसा नेहमी हाताच्या पुढे पळतो. आरसा एक अंश वळवला तर परत जाणारा किरण दोन अंश वळतो. ज्या कोनात यायचं त्याच कोनात जायचं, हा प्रकाशाचा एकुलता एक नियम. आरसा कलला की दोन्हीकडे एकेक अंशाचा फरक पडतो. वर्गात मागच्या बाकावरून फुटक्या आरशाचा तुकडा चालवताना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण बोटांना ते पक्कं ठाऊक होतं. फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला मनगट किती कमी हलवायचं, याचा सराव आम्ही इमानेइतबारे केला होता.

याच दुपटीवर एक सबंध उद्योग उभा राहिला. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून येणारा प्रवाह इतका क्षीण होता की साधा काटा त्याला दाद देईना. विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, इवल्याशा आरशाच्या पाठीला चुंबक चिकटवून तो टांगला आणि त्याचा कवडसा दूरच्या पट्टीवर पाडला. तार वाचणारा माणूस त्या ठिपक्याचं डावं-उजवं बघत बसायचा आणि त्यातून अक्षरं जुळवायचा. कवडशाकडे टक लावून बसायचं आणि वर पगार घ्यायचा. या नोकरीचा मला मनापासून हेवा वाटतो.

त्या फुटक्या तुकड्याची आणखी एक गंमत होती. तुकडा त्रिकोणी, जवळच्या भिंतीवर कवडसाही त्रिकोणी. पण मैदानापलीकडच्या भिंतीवर तो चक्क गोल व्हायचा. कोपरे कुठे गेले? तर तो तुकड्याचा आकार नव्हेच, ते सूर्याचं चित्र. खंडग्रास ग्रहणात हाच ठिपका चंद्रकोरीसारखा होतो. सपाट आरशानं केलेली ही एवढीच करामत मला मनापासून आवडते.

कारण एरवी सपाट आरसा म्हणजे आज्ञाधारक कारकून. जितकं पुढे तितकं मागे, ना इंच कमी ना इंच जास्त. वाफेनं धूसर झालेल्या आरशावर आपल्या चेहऱ्याची कड बोटानं गिरवून बघा: ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते. दोन पावलं मागे सरून पुन्हा गिरवा, तरी निम्मीच. म्हणूनच पायापासून डोक्यापर्यंत दिसायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, फक्त तो नीट उंचीवर टांगायचा. चोख हिशेब आहे, पण चोख हिशेबाच्या प्रेमात कोण पडतं?

प्रेमात पडावं तर वाकड्या आरशाच्या. बाबांचा दाढीचा आरसा स्टँडवर फिरणारा होता, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं अंतर्गोल. बाबा कामावर गेले की तो आमचा. खोलीच्या टोकाला उभं राहिलं की त्यात आपण लहानसे आणि उलटे, डोकं खाली. मग एकेक पाऊल पुढे. चेहरा फुगत जायचा, कडा विरघळायच्या आणि एका जागी आख्खा आरसा नुसत्या डोळ्यानं भरून जायचा. डोळाही कसला, पाण्यात सांडलेली शाई. आणखी थोडं पुढे झालं की आपण सुलटे, पण अजून गढूळ. मग सावकाश निवळत निवळत हे भलंमोठं नाक.

"उलट्याचा सुलटा नक्की कुठे होतोस ते सांग," ताई म्हणायची. मी कपाळ पुढेमागे करत राहायचो. शेवटी तिनं मला मानेला धरून उभं केलं आणि माझ्या नाकाच्या सरळ खाली फरशीवर खडूनं रेघ ओढली. "ही हद्द. याच्या पलीकडे तू शहाणा."

ती रेघ म्हणजे वक्रताकेंद्र, आरसा ज्या गोलाचा तुकडा त्या गोलाचा मध्यबिंदू, हे पुढे पुस्तकात भेटलं. तिथे एक तक्ताही होता: वस्तू नाभी (दुरून आलेले समांतर किरण जिथे एकत्र येतात तो बिंदू) आणि वक्रताकेंद्राच्या मध्ये असेल तर प्रतिमा वक्रताकेंद्रापलीकडे, वास्तव, उलटी, मोठी. परीक्षेत तसंच लिहिलं, गुणही मिळाले. पण त्या पट्ट्यात आपण स्वतः उभे राहिलो तर उलटं काही दिसत नाही, गढूळ पण सुलटंच दिसतं. तक्ता खोटा नाही. ती उलटी प्रतिमा तयार होते आपल्या पाठीमागे! किरण एकत्र यायच्या आधीच वाटेत आपला डोळा आडवा येतो. स्वतःच्या चेहऱ्यावर कधीच पडताळता येणार नाही अशी ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आली आहे, आणि याबद्दल कुणाची तक्रार कशी नाही, हे मला कोडंच आहे.

चमच्यात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. खोलगट बाजू समोर धरा, चेहरा उलटा. आता त्याच खळग्यात बोटाचं टोक अगदी टेकेपर्यंत न्या: बोट सुलटं, जाडजूड, नखावरची रेघन्‌रेघ दाखवणारं, आणि त्याच्या मागे आपलं तोंड अजून खाली डोकं वर पाय. बाहेरच्या बाजूला सगळी खोली मावते, खिडकीसकट, पण तिथे आपण वाटाण्याएवढे.

आणि या सगळ्यात प्रकाशानं काही वेगळं केलेलं नसतं. वाकडा आरसा म्हणजे एकमेकांशी किंचित तिरपे बसवलेले असंख्य चिमुकले सपाट आरसे. प्रत्येकावर तोच जुना नियम. नियम बदलत नाही, हिशेब मात्र हाताबाहेर जातो. दिव्यापासून निघालेला किरण सपाट आरशावर नेमका कुठे आपटून डोळ्यात येईल, हे शाळकरी पोर पट्टीनं दाखवेल. गोल आरशावरचा तो बिंदू शोधताना अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या प्रकाशाच्या अभ्यासकाला थेट शंकुच्छेदांना, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्ररेषांना, हात घालावा लागला. नुसत्या पट्टी-कंपासनं तो सहसा सापडत नाही, बीजगणितानं गेलं तर चतुर्घात, म्हणजे चौथ्या घातापर्यंत जाणारं, समीकरण समोर येतं. ते एकदा कागद-पेन्सिल घेऊन सोडवायचं, असं मी कधीपासून म्हणतो आहे. पण चमचा हाताशी असला की आधी बोटच पुढे होतं.